तोबरा, जबानी आणि छळाची व्याख्या

अमरावती शहराभोवतीचा दगडी परकोट निजाम सरकारने इ. स. १८०७ मध्ये बांधावयास घेतला, तो कोणा राजाच्या स्वारीच्या धास्तीने नव्हे, तर पेंढाऱ्यांच्या धास्तीने. कापसाची आणि सावकारीची ही पेठ तेव्हा दक्षिणेकडे हैदराबादपर्यंत नावाजलेली होती. १८०३ च्या नोव्हेंबरात आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे शिंदे-भोसल्यांचा मोड झाला, डिसेंबरात गाविलगड पडला, आणि फौजा मोडल्यामुळे पोटामागे हिंडणाऱ्या स्वारांची पेंढाऱ्यांच्या टोळ्यांत भर पडली. जवाहर दरवाजातून नित्य जाणाऱ्या-येणाऱ्या नगरवासीयांस ह्या भिंतीचे मूळ प्रयोजन आठवत असेलच असे नाही. परंतु आजच्या विषयाचा आरंभ तेथूनच करणे सोयीचे आहे. कथा-कादंबऱ्यांत मारझोड करून जबानी घेण्याचे प्रसंग आपण वाचतो, रंगभूमीवर आणि पडद्यावर पाहतो. त्यांचा आणि कायद्याने केलेल्या छळाच्या व्याख्येचा संबंध काय, हा तो विषय होय.

पेंढाऱ्याला गाव जिंकावयाचे नसे, राखावयाचे तर नसेच. त्याला पुरलेले धन हवे असे, आणि ते कोठे पुरले आहे हे घरधन्यावाचून दुसऱ्या कोणास ठाऊक नसे. म्हणून त्याची लूट प्रश्नाने सुरू होई. उत्तर काढण्याचे त्याचे साधन म्हणजे घोड्याचा तोबरा. एरवी चंदी भरावयाच्या त्या पिशवीत ऊन राख भरावयाची, ती माणसाच्या नाकातोंडावर बांधावयाची आणि पाठीवर दणके द्यावयाचे, म्हणजे श्वासासरशी राख आत जाई. शस्त्र लागत नसे, वेळ लागत नसे, आणि साधन तर प्रत्येक स्वाराच्या खोगिराला टांगलेलेच असे. १८१६ साली पेंढाऱ्यांनी पूर्व किनाऱ्यावरील गुंटूरच्या मुलखात धाड घातली, तेव्हा कंपनी सरकारने मागाहून चौकशी करून हानीची मोजदाद केली. अवघ्या बारा दिवसांत ३३९ गावे लुटली गेली होती. मेलेल्यांची संख्या दोनशेच्या आत होती, जखमींची पाचशेच्या घरात. परंतु ज्यांचा छळ झाला अशांची संख्या छत्तीसशेवर गेली होती. मृत आणि जखमी ह्यांच्याहून निराळा, ‘छळलेल्यांचा’ असा एक रकाना सरकारी कागदांत तेव्हा आखला गेला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. छळ म्हणजे काय हे कोणी लिहून ठेवले नव्हते, तरी तो मोजता येत होता. करणारा शत्रू असला म्हणजे मोजणे सोपे जाते.

ह्यानंतर तेवीस वर्षांनी, १८३९ मध्ये, निजामाच्या नोकरीतील फिलिप मेडोज टेलर ह्या इंग्रज अधिकाऱ्याची एका ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लंडनला प्रसिद्ध झाली. पुढे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीकडे सोपविले, तेव्हा त्याच तहातील नळदुर्गाचा मुलूख ह्याच टेलरसाहेबाच्या हाती आला. त्याच्या कादंबरीत एलिचपूर आहे, उमरावतीची भरलेली बाजारपेठ आहे, आणि तेथून हैदराबादेच्या वाटेला लागलेले, घरी कधीच न पोचलेले प्रवासी आहेत. आपले गाव इंग्रजी कादंबरीत इतक्या लवकर यावे आणि ते अशा निमित्ताने यावे, ह्याचा अभिमान धरावा की खेद करावा हे वऱ्हाडी वाचकाने आपले आपण ठरवावे. हे पुस्तक आरंभापासून शेवटपर्यंत एक जबानी आहे. सातशेवर खून आपल्या नावावर सांगणारा अमीर अली बंदीत बसून बोलतो. समोर एक ‘साहेब’ बसलेला आहे. तो क्वचित एखादा प्रश्न विचारतो, बहुतेक वेळ लिहून घेतो.

त्या जबानीतच पेंढाऱ्यांच्या स्वारीचे प्रकरण येते. गफूर खान नावाचा पेंढारी दडवलेल्या धनासाठी घरधन्यांचे असे हाल करतो की, रुमालाने गळे आवळण्यात हयात घालविलेल्या अमीर अलीलाही त्याची किळस येते आणि पुढे ठगांच्याच हातून गफूरखानाचा अंत होतो. येथे लेखकाचा डाव पाहण्यासारखा आहे. एकाच पुस्तकात प्रश्न विचारणारे दोघे आहेत. एकाच्या हाती वेदना आहे, दुसऱ्याच्या हाती लेखणी. वाचकाने पहिल्याचा तिटकारा करावा आणि दुसऱ्याकडे लक्षही देऊ नये, अशी ही मांडणी आहे. आणि ती साधलेली आहे हे कबूल केले पाहिजे.

पण साहेबाकडे थोडे लक्ष देऊ. कादंबरीबाहेरचा साहेब म्हणजे जबलपूरचा कर्नल स्लीमन. ठगांचा बंदोबस्त करताना त्याने मुख्य भर दिला तो माफीच्या साक्षीदारावर. साथीदारांची नावे सांग, पुरलेली प्रेते दाखव, म्हणजे फाशी टळेल. सुटका मात्र नाही. १८३६ च्या कायद्याने तर अमुक खून केला हे सिद्ध करण्याचीही गरज उरली नाही. ठगांच्या टोळीचा असणे एवढेच जन्मठेपेस पुरे झाले. फिरंगिया ह्या नामांकित ठगास पकडण्यासाठी स्लीमनने आधी त्याची आई, बायको आणि मूल ह्यांना अटकेत घेतले. त्यांच्या ओढीने तो फार लांब जाऊ शकला नाही आणि १८३० साली हाती लागला. न्याय म्हणून हेही सांगावयास हवे की स्लीमन केवळ शब्दावर विसंबत नसे. निरनिराळ्या साक्षीदारांच्या हकिकती तो ताडून पाही, दाखविलेल्या जागा खणून घेई. आणि फिरंगियाने तर साहेबाचा तंबू ज्या आमराईत होता तेथूनच प्रेते काढून दिली. तोबरा कोठे नाही, चाबूक कोठे नाही. मग ह्या जबानीस काय म्हणावे? गळ्याभोवती फास दिसत असताना आणि बायको-मूल कोठडीत असताना दिलेल्या कबुलीस खुषीची म्हणावी काय?

हा प्रश्न तेव्हा कोणी फारसा विचारला नाही. जो विचारला गेला तो वेगळ्याच बाजूने. १८५४ मध्ये मद्रास इलाख्यात छळाच्या तक्रारींची चौकशी करण्यास एक आयोग नेमावा लागला, आणि ह्या वेळी आरोपी पेंढारी नव्हते, कंपनीचेच वसूलदार व पोलीस होते. बोटे चेपण्याची लाकडी ‘किट्टी’, माणसाला वाकवून दोरीने जखडून ठेवण्याचे ‘अनुंडाळ’, डोळ्यांत तिखट. सारा वसूल करण्यासाठी आणि चोरी कबूल करविण्यासाठी हे प्रकार सर्रास चालतात, असे आयोगाने लिहिले. मात्र हा दोष हाताखालच्या नेटिव्ह नोकरांचा. गोऱ्या अधिकाऱ्यांची त्यास संमती नाही, असाही निर्वाळा दिला. कार्ल मार्क्सने १८५७ साली न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात ह्या अहवालावर लेख लिहून त्या निर्वाळ्याचा चांगलाच समाचार घेतला. कादंबरीतील मांडणी येथे अहवालात उतरली, असे मला वाटते. वेदना देणारा हात दुसऱ्याचा, लिहून घेणारा हात स्वच्छ.

त्यानंतर १८६० मध्ये भारतीय दंडसंहिता झाली. पुढे वऱ्हाडच्या कचेऱ्यांतही तिचाच अंमल चालला. तिच्या ३३० व्या कलमात, कबुली काढण्यासाठी किंवा माल कोठे आहे हे वदविण्यासाठी दुखापत करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. दुखापत जबर असेल तर पुढचे कलम दहा वर्षांपर्यंत नेते. कलमाखाली दृष्टान्त दिले आहेत, आणि ते मला नेहमी लहान लहान गोष्टींसारखे वाटतात. क हा पोलीस अधिकारी आहे. य ने गुन्हा कबूल करावा म्हणून तो य चा छळ करतो. दुसऱ्या गोष्टीत चोरीचा माल कोठे आहे हे काढावयाचे आहे. तिसरीत छळणारा महसुली अधिकारी आहे, चौथीत जमीनदार. मद्रासचा अहवाल ज्याने वाचला असेल त्याला ही माणसे कोठून आली हे सांगावयास नको.

गंमत अशी की ‘छळ’ हा शब्द दृष्टान्तात आहे, कलमात नाही. कलमात आहे ती ‘दुखापत’, आणि दुखापतीची व्याख्या शारीरिक वेदना, रोग किंवा विकलता एवढीच आहे. म्हणजे कायद्याने छळाची गोष्ट सांगितली, व्याख्या केली नाही. ह्या मापाने गफूर खान सापडतो, जमीनदारही सापडतो, कारण करणारा सरकारी नोकर असलाच पाहिजे अशी अट नाही. परंतु फिरंगियाच्या मनावर जे झाले ते दुखापतीत बसत नाही, कारण त्याच्या अंगाला कोणी हात लावला नव्हता.

खरी व्याख्या झाली ती सव्वाशे वर्षांनी. संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९८४ रोजी छळाविरुद्धचा करार स्वीकारला, त्याच्या पहिल्याच अनुच्छेदात ती आहे. तीव्र वेदना किंवा क्लेश, मग ते शरीराचे असोत वा मनाचे; ते जाणूनबुजून दिलेले; माहिती वा कबुली काढणे, शिक्षा करणे, धाक घालणे किंवा भेदभाव अशा काही हेतूने दिलेले; आणि सरकारी अधिकाऱ्याच्या हातून, त्याच्या चिथावणीने अथवा मूक संमतीने दिलेले. कायदेशीर शिक्षेतच जे दुःख अटळ असते ते वगळले आहे. कबुली त्या माणसाची हवी असो वा तिसऱ्याच कोणाची, व्याख्या दोन्ही धरते. आता तराजू उलटा झुकतो. मनाचे क्लेश आत आल्यामुळे स्लीमनच्या कोठडीतील ते कुटुंब विचारात घ्यावे लागते. पण पेंढारी बाहेर पडतो, कारण तो कोणाचा अधिकारी नव्हे. ज्या क्रौर्यापायी अमरावतीस भिंत घालावी लागली ते ह्या व्याख्येप्रमाणे छळ नव्हे, निव्वळ दरोडेखोरी! हे विचित्र वाटेल, पण अडाणीपणाने केलेले नाही. दरोडेखोराविरुद्ध सरकारकडे धाव घेता येते. सरकारचाच हात उठला तर धाव कोठे घ्यावी, ह्या विवंचनेतून ही व्याख्या जन्मली. भारताने ह्या करारावर १९९७ साली सही केली, परंतु त्यास पक्की मान्यता दिलेली नाही. २०१० मध्ये लोकसभेने एक विधेयक संमत केले, ते राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेले, आणि त्याचा कायदा झाला नाही.

आमच्या मराठी लेखकांनी मात्र टेलरची मांडणी पार उलटी केली आहे. अण्णा भाऊ साठे ह्यांच्या १९५९ च्या ‘फकिरा’ कादंबरीत सरकार नायकाच्या माणसांना डांबून ठेवते आणि त्यांच्यासाठी तो स्वतःहून हजर होतो. फिरंगियाचाच हा पेच आहे. फक्त तो आता लेखणीवाल्या साहेबाच्या बाजूने सांगितलेला नाही. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाला’त (१९७२) चोरीचा संशय आलेल्या ब्राह्मणाच्या हाती तापलेला लोखंडी गोळा बळेच दिला जातो, तेव्हा तो चोरी कबूल करतो. आपल्या जुन्या न्यायपद्धतीतील अग्निदिव्याचे हे विडंबन आहे, आणि प्रेक्षकांतील कोणालाही ती कबुली खरी वाटत नाही. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ ह्या कथेवरून निघालेल्या ‘अर्धसत्य’ (१९८३) चित्रपटाची पटकथाही तेंडुलकरांचीच. त्यातील फौजदार वेलणकर एका भुरट्या चोराला कोठडीत मारता मारता ठार करतो. तेथे काढावयाची अशी माहितीच फारशी नसते. वरिष्ठांनी आणि राजकारण्यांनी केलेल्या अपमानाचा वचपा त्या दुबळ्या देहावर निघतो. ह्याला हेतू म्हणावे काय? व्याख्या हेतू मागते, आणि कथा सांगते की कोठडीत पुष्कळदा हेतू मागाहून कागदावर लिहिला जातो. कायद्याच्या पंडितांनी ह्या एका प्रसंगावर विचार करावा इतका तो मोलाचा आहे.

ह्याहून सामान्य प्रतीच्या रहस्यकथांची आणि चित्रपटांची रीत अगदी निराळी असते. तेथे वाचकाला गुन्हेगार आधीच ठाऊक असतो, म्हणून चार तडाखे बसताच सत्य बाहेर पडले की त्याला समाधान वाटते. खऱ्या ठाण्यात ते आधी ठाऊक असलेले उत्तर कोणापाशीच नसते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचा कर्ता स्टीफन ह्याने पुढे आपल्या ग्रंथात एका अनुभवी अधिकाऱ्याचे म्हणणे नमूद केले आहे. उन्हातान्हात पुरावा शोधीत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून कोणा गरिबाच्या डोळ्यांत तिखट चोळणे सोपे पडते, असा त्याचा आशय. म्हणूनच पोलिसाजवळ दिलेली कबुली पुरावा म्हणून धरू नये, असा निर्बंध प्रथम १८६१ मध्ये आणि मग स्टीफनच्या कायद्यात आला. परंतु लगेच पुढे एक खिडकी ठेवली गेली. त्या कबुलीवरून एखादी वस्तू खरोखर सापडली, तर तेवढा भाग ग्राह्य. पेंढाऱ्यालाही नेमके तेवढेच हवे असे: जागा दाखव.

दोन्ही जुने कायदे आता गेले. १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी नव्या संहिता लागू झाल्या आहेत. ३३० व्या कलमाचे आता १२० वे कलम झाले. व्याख्या दुखापतीचीच राहिली, आणि दृष्टान्तातील तो पोलीस अधिकारीही तेथेच आहे. य ने मुळात गुन्हा केला होता की नव्हता, हे १८६० साली जसे लिहिले नव्हते तसेच आजही लिहिलेले नाही.