मासे झोपतात, याचे पहिले साक्षीदार

बहुतेक माशांना पापण्या नसतात. त्यामुळे मासा झोपलाय की नुसता थांबलाय, हे डोळ्यांवरून कळायची सोय नाही. तरीही ॲरिस्टॉटलने मासे झोपतात असे ठामपणे लिहून ठेवले. इ.स.पू. ३४५च्या सुमारास तो एजियन समुद्रातल्या लेस्बॉस बेटावर राहत होता आणि तिथल्या पिऱ्हाच्या खाडीचा उल्लेख त्याच्या प्राणिग्रंथांत वारंवार येतो. शोधाचे श्रेय अर्थातच त्याच्या खात्यावर जमा झाले. पण ‘प्राण्यांचा इतिहास’ या ग्रंथात त्याने दिलेला पुरावा वाचला की लक्षात येते, तो जवळजवळ सगळा मासेमारांचा आहे. झोपलेला मासा हाताने धरता येतो. त्याची शेपटी तेवढी किंचित हलत असते आणि धक्का लागला तर तो दचकून सुसाट पळतो. चपटे मासे वाळूत रुतून झोपतात, वाळूला आलेल्या आकारावरून ते ओळखायचे आणि तीन टोकांच्या भाल्याने टिपायचे. तळाशी फार वेळ पडून राहिलेल्या माशाला समुद्री उवा फस्त करतात. आमिष वर ओढावे तर त्याला त्यांचा गोळाच लगडलेला. असला तपशील गळ ओढणाऱ्यालाच ठाऊक असणार.

यावर कोणी म्हणेल, या किनाऱ्यावरच्या गप्पा, त्यांना पुरावा कसे म्हणायचे? पण ॲरिस्टॉटल भोळा नव्हता. माशांची मादी नराचे वीर्य गिळून गाभण राहते, ही कोळ्यांची समजूत त्याने साफ खोडून काढली. तोंडातून गेलेले पोटातच जाणार, असे त्याचे म्हणणे. म्हणजे त्याने साक्षी चाळून घेतल्या होत्या. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रात्री मशालीच्या उजेडात मासे सापडतात ते झोपेत असल्यामुळे, असे तो म्हणतो. ते उजेडाने दिपलेले नसतील कशावरून? हा मुद्दा मी सोडून देईन. मात्र बोयासारखे मासे भर दिवसाही भाल्याने मिळतात आणि ते झोपल्याशिवाय शक्य नाही, असेही त्याने नोंदवले आहे. तिथे दिपण्याचा प्रश्नच येत नाही.

विसाव्या शतकात मेंदूतल्या विद्युतलहरी मोजता येऊ लागल्या आणि झोपेची ओळख त्या लहरींशी बांधली गेली. सस्तन प्राण्यांसारखे मेंदूचे बाह्यक नसलेला मासा त्या व्याख्येत बसेना. मग संशोधक वर्तनाच्या खुणांकडे वळले : स्थिरता, ठरावीक ठेवण, उशिरा येणारी जाग. भाला मारणाऱ्याचा हिशेब याहून वेगळा नव्हता. त्याला न दिसलेली गोष्ट एकच, चुकलेल्या झोपेची भरपाई. गंगेच्या खोऱ्यातला, फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२मध्ये वर्णिलेला झेब्रा मासा इथे कामी आला. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी २००७मध्ये दाखवले, की सौम्य विजेचे झटके देऊन जागवलेला हा मासा नंतर अंधारात जास्त झोपतो. मात्र उजेडात त्याची झोपच उडते आणि ती तो भरूनही काढत नाही. मशालीचा दाखला त्यामुळे आणखी लंगडा पडतो. ट्यूनाचे तर विचारूच नका. झोपेत घेरलेला ट्यूना निश्चल असतो आणि त्याच्या डोळ्यांतले पांढरे दिसते, असे ॲरिस्टॉटलने लिहिले. पण ट्यूनाला कल्ल्यांतून पाणी खेळते ठेवण्यासाठी सतत पोहावेच लागते. जाळ्यात थकून गेलेला मासाही तसाच दिसू शकेल.