शनवारचे पातेले

कुलाबा जिल्ह्यातील गावांत आपल्या पूर्वजांना ‘शनवार तेली’ म्हणत. शनवारी घाणा बंद, तशी चूलही बंद. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी रांधलेलेच दुसऱ्या दिवशी पुरवायचे. पुढे मुंबईत आमच्या घरीही तोच नेम होता. आई शब्बाथसाठी नारळाच्या रसाचे कालवण करीत नसे, कारण ते लवकर नासते. चिंच-आमसुलाचे आंबट, तळलेली मासळी आणि भाकरी असे. जेवण जाळीच्या कपाटात राही. शनवारी तारे दिसल्यावर उरलेसुरले कोणी खात नसे.

इस्राएलात १९४९ ते १९५९ ही रेशनिंगची, ‘त्सेना’ची वर्षे होती. घासभर अन्न टाकणेही पाप वाटे. विजेचा फ्रिज थोड्यांकडेच असे. बाकीच्यांकडे बर्फाची पेटी आणि दारावर येणारा बर्फवाला. शब्बाथचे पातेले मंद पतिलियावर ठेवीत व ते सतत गरम राही. ही रीत जुनीच. हमीन गुंडाळून गरम ठेवण्याचा उल्लेख सुमारे १८०० वर्षांपूर्वीच्या मिश्नात आहे.

पतिलिया गेली, विजेचा प्लाटा आला आणि त्यासोबत शब्बाथचे घड्याळही. वीज वाचावी म्हणून आम्ही प्लाटा रात्री बंद आणि सकाळी चालू होईल असे लावीत असू. एका शनवारी वाफाळता भात खाऊन दोन तासांत नातवंडांना उलट्या सुरू झाल्या. चूक आमचीच होती. भातातील काही जिवाणूंची बीजे उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती रुजतात व विष तयार होते. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही.

म्हणून अन्न ६० अंशांच्या वर गरम असावे, नाहीतर ५ अंशांच्या खाली थंड, मधे नको. प्लाटा लावायचा तर अखंड चालू ठेवावा. उरलेले दोन तासांच्या आत पसरट भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावे. भात दुसऱ्या दिवशी संपवावा. शब्बाथ सुटल्यावर हवे तेवढेच काढून आतपर्यंत वाफ येईतो तापवावे, तेही एकदाच. शब्बाथच्या दिवशी फ्रिजमधले प्लाट्यावर ठेवता येईल का, हे आपल्या रब्बींना विचारावे.

टाकायचे जिवावर येते, हे आम्ही जाणतो. आम्ही त्सेनाच्या पिढीची माणसे. तसे असेल तर पुढच्या शुक्रवारी वाटीभर तांदूळ कमी घालावा.