जोडावरचा व्रण आणि डोकेदुखीची गोळी

गॅस्ट्रिक बायपास करून घेतलेल्या रुग्णाला घरी सोडताना डॉक्टर बजावतात: डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या, ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको. पुष्कळांना हे टाके सुकेपर्यंतचं पथ्य वाटतं. पण या शस्त्रक्रियेचा आणि या गोळ्यांचा इतिहास एकत्र वाचला, तर ही मनाई काही आठवड्यांची नसून बदललेल्या पोटासाठी जन्मभराची का आहे, ते उमगतं.

वजन घटवण्याची ही शस्त्रक्रिया अल्सरच्या उपचारातून जन्मली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अल्सरवर जठराचा भाग कापून उरलेलं जठर लहान आतड्याला जोडत. मात्र काही रुग्णांना त्या जोडापाशीच, आतड्याच्या बाजूला, नवा व्रण होई. जठराचं अस्तर आम्ल सोसण्यासाठी घडलेलं असतं, आतड्याचं नसतं. १९२३ साली मेयो क्लिनिकच्या मान आणि विल्यमसन यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. आम्ल शमवणारे पित्त आणि स्वादुपिंडाचा रस त्यांनी जोडापासून दूर, आतड्यात खाली वळवले, आणि जोडापाशी व्रण उठले. पुढे आयोवाच्या एडवर्ड मेसन यांच्या ध्यानात आलं, की अल्सरसाठी जठर कापलेल्या रुग्णांचं वजन सहसा वाढत नाही. त्यांनी चिकाशी इटो यांच्यासह १९६६ मध्ये पहिला गॅस्ट्रिक बायपास केला. १९७७ मध्ये केंटकीच्या वॉर्ड ग्रिफन यांनी त्याला इंग्रजी वाय अक्षरासारखी जोडणी दिली. त्यामुळे पित्त वर चढेनासं झालं, पण आम्ल शमवणारे रसही जोडापासून लांब गेले. जठराची उरलेली पिशवी इवलीशी, तिच्यात आम्ल थोडंच, म्हणून बहुतेकांना त्रास होत नाही. तरी त्या जोडाला आधार उरतो तो अस्तराच्या स्वतःच्या संरक्षणाचा, आणि या गोळ्या नेमकं तेच कमकुवत करतात.

ॲस्पिरिन १८९९ मध्ये बायर कंपनीने बाजारात आणलं. १९३८ साली लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या डाउथवेट आणि लिंटॉट यांनी दुर्बीण घालून त्याने लालबुंद झालेलं जठर पाहिलं. गोळीच्या स्पर्शाने अस्तर पोळतं, एवढाच तेव्हाचा तर्क. तो पुरेसा असता, तर आवरण चढवलेली गोळी किंवा इंजेक्शन निर्धोक ठरलं असतं, आणि जेवून घेतलं की चालतं हा आजही ऐकू येणारा युक्तिवाद खरा ठरला असता. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं, की ही औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखतात. वेदना त्यामुळे थांबते, पण अस्तराचा बुळबुळीत थर आणि त्याला होणारा रक्तपुरवठाही त्याच द्रव्यांवर अवलंबून असतो. औषध तोंडाने घ्या की सुईने, रक्तातून ते तिथे पोचतंच. बूट्स कंपनीतल्या स्टुअर्ट ॲडम्स यांचं आयबुप्रोफेन १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये आलं. ते ॲस्पिरिनपेक्षा सौम्य आहे, पण मार्ग तोच.

वजन घटवण्याच्याच दुसऱ्या, स्लीव्ह नावाच्या शस्त्रक्रियेत असा जोड नसतो, हा आक्षेप रास्त आहे. तिथे काही सर्जन मर्यादित मुभा देतात, पण ती त्यांनीच द्यावी. आम्ल घटवणाऱ्या गोळ्या धोका कमी करतात, संपवत नाहीत. जठराला जपणारं वेदनाशामक म्हणून आलेलं रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये मागे घ्यावं लागलं. हृदयासाठी लिहून दिलेलं ॲस्पिरिन मात्र परस्पर थांबवू नये. तो हिशेब वेगळा आहे आणि डॉक्टरांनीच करायचा आहे.

उरतं पॅरासिटामॉल. १८९३ मध्ये फॉन मेरिंग यांनी ते तपासलं आणि चुकीच्या संशयावरून बाजूला ठेवलं. १९४८ मध्ये ब्रॉडी आणि ॲक्सेलरॉड यांच्या कामामुळे ते पुन्हा पुढे आलं. जठराला ते फारसं डिवचत नाही, पण मात्रा ओलांडली तर यकृताला गंभीर इजा करतं. जेवण घटलेल्या, झपाट्याने वजन उतरलेल्या माणसाने दिवसाची कमाल मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. आपल्याकडे आणखी एक फसगत होते: दुकानात सहज मागितल्या जाणाऱ्या कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेनही असतं. म्हणून नावावर न जाता पट्टीवरचे घटक वाचायला हवेत. शिवाय पहिल्या महिन्यांतली डोकेदुखी पुष्कळदा पाणी कमी पडल्याने किंवा चहा-कॉफी एकदम सुटल्याने होते, आणि तिथे आधी पाण्याचे घोट मोजावेत. उलट्या थांबत नसतील, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसू लागलं किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर थायमिनची कमतरता असू शकते. अशा वेळी कुठल्याही गोळीची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावं.