घरपट्टी : उंद्री व परिसरातील आकारणी

घरपट्टी : राहत्या घरावर स्थानिक संस्थेने आकारलेला वार्षिक कर. भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार जमिनी व इमारतींवरील कर राज्यसूचीत मोडतो आणि त्याच्या आकारणीचे अधिकार राज्याच्या कायद्याने ग्रामपंचायती, नगर परिषदा व महानगरपालिका यांना मिळतात. त्यामुळे एकाच राज्यातही सारख्या घरांवरील करात फरक पडतो. बुलढाणा जिल्ह्यातील उंद्री (ता. चिखली) व तिचा परिसर हे याचे बोलके उदाहरण होय.

पूर्वपीठिका : गावाच्या वस्तीस ‘पांढरी’ व शेतजमिनीस ‘काळी’ म्हणत. शेतसारा काळीवर बसे. घरे, दुकाने व व्यवसाय यांवर मोहतर्फा वगैरे पट्ट्या असत. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात शेती न करणाऱ्यांवरील करास ‘पांढरी’ असेच नाव होते. मुंबई इलाख्यातील मोहतर्फा १८४४ मध्ये रद्द झाला.

वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला व १९०३ पासून त्याचा कारभार मध्य प्रांताबरोबर चालू लागला. चिखलीलगतचा जाफराबादचा मुलूख मात्र निजामी राज्यात राहिला, तर जिल्ह्यापलीकडील खानदेश मुंबई इलाख्यात होता. परिणामी वऱ्हाडात मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४६ चा, मराठवाड्यात हैदराबादचा १९५६ चा आणि खानदेशात मुंबईचा १९३३ चा, असे तीन पंचायत कायदे शेजारी-शेजारी अंमलात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ याने ही भिन्नता संपविली.

आकारणीच्या पद्धती : कायदा एक झाला, तरी कराचा पाया एक झाला नाही. नगर परिषदांच्या १९६५ च्या अधिनियमात वार्षिक भाडेमूल्याला महत्त्व होते. भाडेनियंत्रणामुळे जुन्या घरांचे भाडेमूल्य गोठले व नव्या घरांवर तुलनेने अधिक भार पडला. ग्रामपंचायतींत १९९९ नंतर क्षेत्रफळानुसार आकारणी झाली. ही पद्धत सोपी खरी. परंतु केवळ क्षेत्रफळ पाहिल्यास असमान मूल्याच्या घरांवर समान कर बसण्याचा धोका असतो. याच कारणास्तव केरळचा क्षेत्रफळावर आधारित इमारत कर सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये अवैध ठरविला होता. महाराष्ट्रातील पद्धतही न्यायालयात टिकली नाही. २०१५ च्या सुधारणेने जमिनीचा दर, बांधकामाचा प्रकार, घसारा व वापर यांवरून काढलेले भांडवली मूल्य हा आधार ठरला. राज्याने घालून दिलेल्या किमान व कमाल मर्यादांत ग्रामपंचायत दर ठरविते. आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडे अपील करता येते.

तुलना : बृहन्मुंबईत भांडवली मूल्याची पद्धत २०१० पासून लागू असून, ५०० चौ. फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून मालमत्ता करात माफी आहे. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घरास ४० टक्के सवलत मिळते. म्हणून उंद्रीतील मातीचे घर, चिखली नगर परिषदेतील पक्के घर आणि मुंबईतील सदनिका यांची तुलना निव्वळ दरांवरून करणे दिशाभूल करणारे ठरते. कराचा पाया, सवलती आणि करातून मिळणाऱ्या सोयी ही तिन्ही अंगे एकत्र पाहावी लागतात. घरपट्टी कमी असणे हा गावकऱ्याचा निखळ लाभ नव्हे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचे हे प्रमुख साधन असल्याने वसुली घटली की दिवाबत्ती, स्वच्छता व रस्ते यांसाठी तिला शासकीय अनुदानावर अधिक विसंबावे लागते.