राखेतले विष आणि गुरांचे दात

आइसलँडच्या दक्षिण भागात ८ जून १७८३ रोजी लाकी येथे जमीन दुभंगून लाव्हा वाहू लागला आणि हा उद्रेक पुढच्या फेब्रुवारीपर्यंत चालला. मात्र देशाचा खरा घात केला तो वायूंनी आणि राखेने. उद्रेकातून बाहेर पडलेले सुमारे ८० लाख टन फ्लोरीन राखेबरोबर कुरणांवर उतरले आणि चाऱ्यावाटे जनावरांच्या पोटात गेले. सुमारे निम्मी गुरे व ८० टक्के मेंढ्या दगावल्या, आणि पाठोपाठच्या दुष्काळात लोकसंख्येचा जवळपास पाचवा हिस्सा मृत्युमुखी पडला.

तेथील धर्मोपदेशक योन स्टेइनग्रिमसन यांच्या वृत्तांतात जनावरांच्या फासळ्यांवर व पायांवर उठलेल्या गाठींचे वर्णन आहे, तर हेक्ला ज्वालामुखीच्या १६९३ मधील उद्रेकानंतर जनावरांचे दात बिघडल्याच्या नोंदी त्याहूनही जुन्या आहेत. फ्लोरीन हे मूलद्रव्य १८८६ मध्ये प्रथम वेगळे काढले गेले आणि हाडे व दात बिघडवणाऱ्या या रोगाचा त्याच्याशी असलेला संबंध डॅनिश वैद्य काय रोहोल्म यांनी १९३० च्या दशकात मांडला, हे पाहता त्या साध्या पशुपालकांच्या निरीक्षणाला शास्त्राच्या इतिहासात मानाचे स्थान मिळायला हवे.

दंतवल्क, म्हणजे दातावरचे कठीण चकचकीत आवरण, दात हिरडीबाहेर येण्यापूर्वीच जबड्यात घडत असते आणि ते घडवणाऱ्या पेशींचे काम फ्लोराइडच्या, म्हणजे फ्लोरीनच्या संयुगांच्या, अतिरेकाने बिघडते. पूर्ण घडलेल्या दातावर मात्र असा परिणाम होत नाही. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, आणि खालचे आठ कायमचे दात साधारण दुसऱ्या ते चौथ्या वर्षांत जोडीजोडीने येतात. म्हणून विषारी चाऱ्यावर वाढलेले वासरू पुढे दोनदाती, चारदाती होते तेव्हा त्या काळात घडलेली जोडी खडूसारखी पांढरट, तपकिरी किंवा खड्डे पडलेली निघते, आणि कोणती जोडी डागाळली आहे यावरून बाधेचा काळही अजमावता येतो. खरा जाच दाढांचा असतो: कच्ची दाढ लवकर झिजते, तिच्यासमोरची वाढत जाते, रवंथ नीट होत नाही, थंड पाणी झोंबते म्हणून गाय ते जिभेने चाटत पिते, आणि पुढ्यात चारा असूनही खंगत जाते.

राख जितकी बारीक तितके तिच्या कणांवर फ्लोराइड अधिक चिकटते, त्यामुळे ज्वालामुखीपासून दूरची, जेमतेम मिलिमीटरभर राख पडलेली कुरणेही घातक ठरतात. हेक्लाच्या १९७० मधील उद्रेकात हजारो मेंढ्या व कोकरे अशाच राखेने मेली. २०१० मध्ये एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखी जागा झाला तेव्हा राखेच्या पट्ट्यातील शेतकऱ्यांनी जनावरे गोठ्यात बंद केली आणि राखेतील फ्लोराइड मोजण्यात आले.