संमोहन

व्यक्तीचे लक्ष एका जागी एकवटून, आजूबाजूचे भान मागे सारून, सूचनांच्या आधारे तिच्या संवेदना, भावना किंवा हालचाली यांत बदल घडवण्याच्या प्रक्रियेला संमोहन म्हणतात. ही झोप नव्हे. संमोहित व्यक्ती ऐकते, उत्तरे देते आणि नको वाटले तर डोळे उघडून उठून जाते. लोकसमजुतीत मात्र वशीकरण, मोहिनी, नजरबंदी आणि संमोहन यांची एकच मोट बांधली जाते. तीव्र नजरेचा कोणी एक दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेतो, असे चित्र त्यामागे असते. गेल्या दोनशे वर्षांतला पुरावा या चित्राच्या विरोधात जातो. संमोहनात जे घडते ते मुख्यतः सूचना घेणाऱ्याच्या क्षमतेमुळे घडते. सूचना देणारा फार तर वाट दाखवतो. हे मान्य केले की संमोहन कोणत्या तक्रारींत उपयोगी पडते आणि कुठे तोकडे पडते, याचाही बराच उलगडा होतो.

इतिहास : हा वाद अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये सुरू झाला. व्हिएन्नाहून आलेले वैद्य फ्रान्झ अँटन मेस्मर यांच्या मते त्यांच्या हातांतून रोग्याच्या शरीरात ‘प्राणिज चुंबकत्व’ नावाचा सूक्ष्म द्रव वाहत असे. 1784 मध्ये सोळाव्या लुईने नेमलेल्या आयोगाने हा दावा तपासला. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए हे त्याचे सदस्य होते. फ्रँकलिन यांच्या पासी येथील बागेत एका झाडाला ‘चुंबकित’ करण्यात आले आणि बारा वर्षांच्या मुलाला डोळे बांधून एकामागून एक झाडांपाशी नेण्यात आले. तो मूर्च्छित पडला, पण भलत्याच झाडापाशी. आयोगाने द्रवाचे अस्तित्व नाकारले आणि परिणामाचे श्रेय कल्पनाशक्तीला दिले. केवळ कल्पनेने मुलगा बेशुद्ध कसा पडतो, हा खरा प्रश्न तिथेच राहिला. तो पुढे नेला गोव्याच्या एका धर्मगुरूने. कांदोळी येथे 1756 मध्ये जन्मलेले आबे फारिया 1813 पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग करू लागले. ते माणसाला आरामखुर्चीत बसवत, डोळे मिटून झोपेवर चित्त एकाग्र करायला सांगत आणि मग ठाम स्वरात ‘झोपा’ अशी आज्ञा देत. आपल्यातून समोरच्याकडे काहीही जात नाही, कारण त्याच्यातच आहे, असे त्यांनी 1819 च्या आपल्या ग्रंथात मांडले. काहींना ही अवस्था सहज साधते याचे कारण त्यांनी रक्ताच्या पातळपणात शोधले. ते चुकले, पण कारण कोणाच्या ठायी शोधायचे हे त्यांनी अचूक ओळखले होते. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेले फारियांचे शिल्प आहे. त्यात ते हात पसरून एका स्त्रीवर झुकलेले दिसतात. शिल्प देखणे आहे, पण ते फारियांनी खोडून काढलेल्या समजुतीलाच आकार देते.

पुढे मँचेस्टरचे शल्यविशारद जेम्स ब्रेड यांनी 1843 च्या पुस्तकातून आज रूढ असलेली ‘हिप्नॉटिझम’ ही संज्ञा प्रचारात आणली. नॅन्सी येथील बेर्नहाइम यांनी सूचना हाच संमोहनाचा गाभा असल्याचे प्रतिपादन केले. भारतातला प्रसिद्ध अध्याय बंगालमधला आहे. हुगळी येथे स्कॉटिश शल्यविशारद जेम्स एस्डेल यांनी 1845 पासून, भुलीचे औषध उपलब्ध नसताना, मोठमोठ्या गाठींच्या शस्त्रक्रिया मेस्मर यांच्या धाटणीच्या पद्धतीने केल्या. त्यांचे मदतनीस अंधाऱ्या खोलीत रोग्याच्या अंगावरून तासन्‌तास हात फिरवत. 1846 मध्ये कलकत्त्यात त्यांना यासाठी वेगळे रुग्णालयही मिळाले. पण ईथर आणि क्लोरोफॉर्म आले आणि ही पद्धत मागे पडली. रसायन जवळपास प्रत्येकाला बेशुद्ध करते. संमोहन मात्र काहींच्या बाबतीत फार खोल जाते, काहींच्या बाबतीत मुळीच लागू पडत नाही. बळ संमोहनकाराच्या हातात असते, तर एकाच वैद्याच्या रोग्यांमध्ये एवढी तफावत पडली नसती.

संमोहनक्षमता : ही तफावत आता मोजता येते. स्टॅनफर्ड विद्यापीठात वाइट्झेनहॉफर आणि हिल्गार्ड यांनी 1959 मध्ये तयार केलेल्या मापनश्रेणीत बारा चाचण्या असतात. हात जड होऊन खाली येतोय, जुळवलेली बोटे सुटत नाहीत, माशी भोवती घोंघावते आहे, अशा सूचना ठरलेल्या शब्दांत दिल्या जातात आणि प्रतिसाद नोंदवला जातो. बहुतेक माणसे मध्यम प्रतिसाद देतात. अतिशय ग्रहणशील आणि जवळजवळ अग्रहणशील असे दोन छोटे गट दोन टोकांना राहतात. त्याच माणसांची पंचवीस वर्षांनी पुन्हा चाचणी घेतली तेव्हा दोन्ही वेळच्या गुणांचा सहसंबंध 0.71 निघाला. मधल्या काळात संमोहनकार बदलले तरी गुण फारसे बदलले नाहीत. भोळेपणा किंवा दुबळी इच्छाशक्ती यांच्याशी या क्षमतेचा संबंध आढळत नाही. कल्पनेत रंगून जाण्याच्या वृत्तीशी थोडाफार आढळतो.

आक्षेप : पहिला आक्षेप जुनाच आहे की हे सारे सोंग आहे. एका नटाने झोपेचे नाटक करून फजिती केल्यावर फारियांची पॅरिसमधली प्रतिष्ठा ढासळली. सोंग घेता येते यात शंका नाही, पण सर्वच सोंग असते असे त्यावरून ठरत नाही. 1997 मध्ये पिएर रँव्हिल आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांचे हात चटका बसेल इतक्या गरम पाण्यात ठेवून मेंदूची प्रतिमा घेतली. पाण्याचे तापमान तेच ठेवून वेदनेचा त्रास कमी किंवा जास्त वाटेल अशा सूचना दिल्या, तेव्हा वेदनेच्या भावनिक बाजूशी निगडित असलेल्या मेंदूच्या अग्र सिंग्युलेट भागातली सक्रियता त्याप्रमाणे बदलली; स्पर्शसंवेदनेच्या भागात तसा बदल दिसला नाही. इतका नेमका फरक नुसत्या अभिनयाने घडवता येईल असे मानणे अवघड आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हा प्लासिबोचा, म्हणजे औषध समजून घेतलेल्या निष्क्रिय गोळीसारखाच, परिणाम नव्हे काय? 1969 मधील एका प्रयोगात याची थेट तुलना झाली. कमी ग्रहणशील लोकांना संमोहन आणि वेदनाशामक म्हणून दिलेली निष्क्रिय गोळी यांतून सारखाच आराम मिळाला. अतिशय ग्रहणशील लोकांना संमोहनातून मिळालेला आराम गोळीपेक्षा बराच जास्त होता. म्हणजे अपेक्षेचा वाटा संमोहनात असतोच, पण सगळा हिशेब त्यात संपत नाही. संमोहन ही वेगळी मनोवस्था आहे की सामान्य लक्ष आणि कल्पना यांचाच तीव्र वापर, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. काही परिणाम ‘डोळे जड होत आहेत’ वगैरे प्राथमिक विधी न करता नुसत्या सूचनेनेही मिळतात. त्यामुळे विधीचे महत्त्व कमी होते आणि मुख्य प्रतिपादन बळकटच होते.

आरोग्यातील उपयोग : बळ ग्रहण करणाऱ्याच्या अनुभवक्षमतेत असेल, तर जिथे अनुभव हाच त्रासाचा मोठा भाग आहे तिथे संमोहन सर्वाधिक उपयोगी पडायला हवे. पुरावा तसाच आहे. रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडांवरील, रुग्ण जागा असताना करायच्या प्रक्रियांच्या वेळी 241 रुग्णांवर झालेल्या आणि 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्वसंमोहनाच्या गटाला औषधे निम्म्याहून कमी लागली आणि प्रक्रियेचा सरासरी वेळ 78 मिनिटांवरून 61 मिनिटांवर आला. या रुग्णांची संमोहनक्षमता पाहून निवड केलेली नव्हती. म्हणून ‘हे मूठभर लोकांपुरतेच आहे’ हा आक्षेप इथे टिकत नाही. बेल्जियममधील लीएज येथे 1992 पासून सौम्य औषधे आणि संमोहन यांच्या जोडीने शस्त्रक्रिया केल्या जात आहेत. सर्वांत नेटका पुरावा आयबीएस या आतड्याच्या विकारात मिळतो. 1984 मध्ये मँचेस्टरचे पीटर व्हॉर्वेल यांनी 30 रुग्णांवरील चाचणीत संमोहनाचा लाभ मानसोपचार आणि निष्क्रिय गोळी यांच्या जोडीपेक्षा स्पष्टपणे जास्त असल्याचे दाखवले. या पद्धतीत रुग्ण स्वतःचा हात पोटावर ठेवतो, तिथे ऊब पसरते आहे असे अनुभवतो आणि आतड्याची हालचाल संथ वाहणाऱ्या नदीसारखी होते आहे अशी कल्पना करतो. घरी त्याचा रोज सराव करतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या 2008 च्या मार्गदर्शिकेने, वर्षभर औषधांनी गुण न आलेल्या रुग्णांसाठी विचारात घ्यायच्या मानसोपचारांत संमोहनाचा समावेश केला. मात्र शौचातून रक्त जाणे किंवा कारणाशिवाय वजन घटणे असेल, तर आधी निदान झालेच पाहिजे. वेदना दबली म्हणून रोग बरा होत नाही.

मर्यादा : व्यसन आणि सवयी यांच्या बाबतीत जाहिराती मोठ्या आणि पुरावा तोकडा, अशी स्थिती आहे. धूम्रपान सोडण्यासाठी संमोहनाच्या 14 चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2019 च्या कॉक्रन आढाव्याला ते इतर पद्धतींपेक्षा सरस असल्याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही. कारण समजण्यासारखे आहे. पोटातली कळ ही एक संवेदना आहे. सिगारेट मात्र सकाळच्या चहाशी, मित्रांच्या टोळक्याशी, कचेरीतल्या ताणाशी आणि निकोटिनच्या रासायनिक ओढीशी बांधलेली असते. तिथे संमोहन फार तर समुपदेशन आणि औषध यांना जोड देऊ शकते. स्मृतीच्या बाबतीत तर ते घातक ठरू शकते. संमोहनाखाली माणसाला जास्त आठवते, पण त्यात खऱ्याबरोबर खोटेही मिसळते आणि दोन्हींवरचा त्याचा विश्वास वाढतो, असा इशारा अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने 1985 मध्ये दिला. ‘पूर्वजन्मात नेणे’ याच गटात मोडते. मानसशास्त्रज्ञ निकोलस स्पॅनोस यांच्या प्रयोगांत, आधी जशी माहिती पुरवली त्याप्रमाणे माणसांच्या पूर्वजन्मांचे तपशील बदलले. सूचना घेणाऱ्याची कल्पनाशक्ती हेच इंजिन असल्यामुळे वेदनेत जे गुणकारी ते साक्षीत अविश्वसनीय ठरते. वास्तवाचे भान सुटण्याचे विकार असलेल्यांवर ही पद्धत सहसा वापरत नाहीत. इतरांत डोकेदुखी, चक्कर, क्वचित अस्वस्थता असे तात्पुरते त्रास होतात. संमोहन हे उपचाराचे एक साधन आहे, स्वतंत्र वैद्यकशाखा नाही. म्हणून जो आजार संमोहनाविना हाताळण्याची पात्रता ज्याच्याकडे नाही, त्याने तो संमोहनानेही हाताळू नये.

या प्रतिपादनातून निघणारा एक निष्कर्ष पडताळून पाहण्यासारखा होता: संमोहनकाराचा व्यक्तिगत प्रभाव गौण असेल, तर एकेका रुग्णाला स्वतंत्रपणे दिलेले आणि गटात दिलेले उपचार जवळपास सारखे ठरायला हवेत. नेदरलँड्समधील 354 आयबीएस रुग्णांच्या 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गटातले संमोहन वैयक्तिक संमोहनापेक्षा कमी दर्जाचे ठरले नाही. आपल्याला पुरेसा आराम मिळाला असे सांगणारे रुग्ण दोन्ही प्रकारांत नुसत्या माहिती-आधाराच्या गटापेक्षा जास्त होते, जरी लक्षणांच्या तीव्रतेच्या मोजमापात तेवढा फरक दिसला नाही. लाभ मध्यम आहे, चमत्कारिक नाही. पण तो शिकवता येतो, गटात देता येतो आणि शिकल्यावर रुग्णाच्या हाती राहतो. जिल्हा रुग्णालयांत प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच असताना आरोग्यव्यवस्थेच्या दृष्टीने संमोहनाचे मोल इथेच आहे.