फारो कुणाच्या गाण्यात आहे? गॉस्पेल, ख्रिस्ती भजन आणि आपला जलसा

'हम होंगे कामयाब' हे गाणे आपण सगळ्यांनी शाळेत म्हटले आहे. पंधरा ऑगस्टला म्हटले, शिबिरांत म्हटले, मोर्चातही म्हटले. गिरिजाकुमार माथुर यांनी ते हिंदीत आणले. पण ज्या 'वुई शॅल ओव्हरकम' या इंग्रजी गाण्यावरून ते आले, त्याचे एक मूळ अमेरिकेतील काळ्या लोकांच्या चर्चमध्ये आहे, हे किती जणांना माहीत आहे? चार्ल्स टिंडली नावाचे एक काळे पाद्री होते. त्यांचे वडील गुलामगिरीत होते. टिंडलींनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'मी एक दिवस मात करीन' अशा आशयाचे भक्तिगीत लिहिले. पुढे १९४५-४६ मध्ये चार्ल्सटन शहरातील तंबाखू कारखान्यात संप झाला. त्या संपातील काळ्या कामगार स्त्रिया असेच एक गाणे म्हणत आणि त्यांनी त्यातला 'मी' काढून 'आम्ही' घातला, असे त्या गाण्याचा इतिहास सांगतो.

मित्रांनो, या एका शब्दाच्या बदलावर मला बोलायचे आहे. आपल्यातले काही तरुण हल्ली मोबाइलवर गॉस्पेल ऐकतात. महालिया जॅक्सनचा आवाज ऐकून अंगावर काटा येतो म्हणतात. काही जण उलट विचारतात, की आपण तथागतांच्या मार्गावरची माणसे, देव-ईश्वर मानत नाही, मग हे येशूचे गाणे आपण कशाला ऐकायचे? दोघांनाही माझा प्रश्न एकच आहे. आपल्या सातारा-सांगलीतही ख्रिस्ती भजन गेली दीडशेहून अधिक वर्षे चालू आहे. ते गाणारे बहुसंख्य लोक पूर्वाश्रमीचे महार-मांग, म्हणजे आपलेच रक्ताचे लोक आहेत. मग अमेरिकेत चर्चच्या गाण्यातून मुक्तीची चळवळ उभी राहिली आणि इथे का नाही राहिली?

गॉस्पेलचा जन्म कशातून झाला?

गॉस्पेल म्हणजे शुभवर्तमान. या संगीताच्या मुळाशी गुलामांची गाणी आहेत, ज्यांना 'स्पिरिच्युअल' म्हणतात. मळ्यावर राबणाऱ्या गुलामाला मालकाने बायबल दिले ते त्याने आज्ञाधारक व्हावे म्हणून. पण गुलामाने त्याच बायबलातून निर्गमाची कथा उचलली. मिसर देशात इस्राएल लोक गुलाम होते, फारो त्यांचा छळ करीत होता, मोशेने फारोपुढे उभे राहून 'माझ्या लोकांना जाऊ दे' अशी मागणी केली, ही ती कथा. गुलाम ही कथा गाऊ लागला तेव्हा मालकाला वाटले, हा देवाचे गाणे म्हणतो आहे. गुलामाला मात्र पक्के ठाऊक होते, की फारो म्हणजे कोण.

१८७१ मध्ये फिस्क विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी, ज्यांतले बहुतेक गुलामगिरीतून सुटलेले होते, संस्थेसाठी पैसा उभा करायला ही गाणी घेऊन दौरा काढला. १८७३ मध्ये त्यांनी ती इंग्लंडच्या राणीपुढे गायली. त्याच १८७३ मध्ये इकडे जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन झाला. जोतीरावांचे मूळ गाव साताऱ्यातील कटगुण, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

पुढे १९३० च्या दशकात शिकागोत थॉमस डॉर्सी यांनी चर्चच्या गाण्यात ब्लूजची चाल आणली. डॉर्सी आधी नाचगाण्याच्या अड्ड्यांवर पियानो वाजवीत. प्रतिष्ठित चर्चवाल्यांनी नाक मुरडले. १९३२ मध्ये त्यांची पत्नी बाळंतपणात गेली आणि बाळही गेले. त्या दुःखातून त्यांनी लिहिलेले 'प्रेशस लॉर्ड' हे गाणे मार्टिन ल्यूथर किंग यांचे आवडते झाले. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या मोर्चात किंग यांच्या भाषणाआधी महालिया जॅक्सन गायल्या. १९६५ च्या सेल्माच्या मोर्चासाठी स्टेपल सिंगर्स यांनी 'फ्रीडम हायवे' केले. ही दोन ऐका. देव मानत नसाल तरी ऐका. हात जोडून मागणे आणि मूठ आवळून मागणे यांतला फरक कानाला कळतो.

साताऱ्यात कोणते मिशन आले?

आता आपल्याकडे येऊ. साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८४९ मध्ये सुरू झाले. हे मिशन 'अमेरिकन बोर्ड' या संस्थेचे. या बोर्डाचा एक इतिहास आपल्या कामाचा आहे. अमेरिकेत गुलामगिरीवर वाद पेटला असताना बोर्डाने गुलाम बाळगणाऱ्यांविरुद्ध ठाम भूमिका घेण्याचे टाळले. त्यावर चिडलेल्या गुलामगिरीविरोधकांनी १८४६ मध्ये वेगळी 'अमेरिकन मिशनरी असोसिएशन' काढली. याच असोसिएशनने पुढे फिस्क विद्यापीठ उभे करायला हात लावला, जिथून गुलामांची गाणी जगभर गेली. म्हणजे एकाच घरातून फुटलेल्या दोन वाटा. एका वाटेने फिस्कचे गायक घडले, दुसरी वाट साताऱ्याला आली.

मिशनरी मंडळींनी आपल्यासाठी काहीच केले नाही, असे मी म्हणत नाही. ज्या काळात महारा-मांगाच्या पोराला शाळेच्या ओट्यावरही बसू देत नव्हते, त्या काळात त्यांनी पाटी-पेन्सिल हातात दिली. मिशनच्याच 'ज्ञानोदय' पत्रात १८५५ मध्ये मुक्ता साळवे या मांग समाजातील चौदा वर्षांच्या मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेतली ही मुलगी पेशवाईतल्या अत्याचाराचा हिशेब मागते आणि धर्माला जाब विचारते. सांगलीकडे प्रेस्बिटेरियन मिशन आले. मिरजेत १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी दवाखाना सुरू केला. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी आजही त्यांचे नाव सांगते.

आणि गाणे? ज्यांना देवळाच्या पायरीवर उभे राहू दिले जात नव्हते, ते चर्चमध्ये बाकावर बसून, बायका-पुरुष मिळून, खड्या आवाजात गाऊ लागले. वाचता न येणाऱ्या आज्यांनी गाणी ऐकून पाठ केली आणि नातवंडे तीच गाणी पुस्तकात बोट ठेवून वाचायला शिकली. देवापुढे सगळ्यांनी एकत्र बसून गाणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

टिळकांचा अभंग

मराठी ख्रिस्ती गाण्याचे सर्वांत मोठे नाव म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. कोकणातला चित्पावन ब्राह्मण, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. घरचे सारे तुटले. पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि मनातल्या सोवळ्या-ओवळ्याशी आपला झगडा कसा झाला, हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त प्रांजळपणे लिहून ठेवले. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनच्या पगारावर पाणी सोडले आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळ्यांनी ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र यावे, ही त्यामागची कल्पना. दोनच वर्षांत, मे १९१९ मध्ये, त्यांचे निधन झाले. मराठी चर्चमध्ये गायल्या जाणाऱ्या 'उपासना संगीत' या पुस्तकात त्यांची गीते मोठ्या संख्येने आहेत.

टिळकांचे मोठेपण खरे आहे. इंग्रजी स्तोत्रांचे ओबडधोबड भाषांतर विलायती चालीवर ओढून गाणाऱ्या मंडळीला त्यांनी अभंग, ओवी, भजन, कीर्तन दिले. गोऱ्या मिशनऱ्यांच्या वर्चस्वाला त्यांनी आव्हान दिले. पण टिळकांचा प्रश्न काय होता, हे नीट पाहा. ख्रिस्ती होऊनही मी या देशाचा, या संस्कृतीचा कसा राहू, हा त्यांचा प्रश्न होता. बाकावर बसलेल्या महार-मांगाचा प्रश्न वेगळा होता. ज्या संस्कृतीने मला वेशीबाहेर ठेवले, तिच्यातून मी सुटू कसा? गाणे लिहिणाऱ्याचा प्रश्न गाण्यात आला आणि गाणाऱ्याचा प्रश्न बाहेरच राहिला.

म्हणून या गाण्यांचा मुख्य सूर शरणागतीचा आहे. मी पापी, मी पतित, मला पदरात घे. निर्गमाची कथा मराठी बायबलात आहेच, पण मराठी भजनात फारो ठळकपणे उभा राहिला नाही. पाटील, सावकार, भटजी, वतन, येसकराची काठी, यातले काही त्यात आले नाही. गुलामाच्या गाण्यात छळणारा बाहेर आहे, त्याला नाव आहे. आपल्या भजनात दोष गाणाऱ्याच्या आत आहे.

अभंगाचा दोष आहे का? नाही. जोतीरावांनी अभंगाच्याच वळणावर 'अखंड' रचले आणि त्यात भटशाहीला उघडे पाडले. रामजी सुभेदार कबीरपंथी होते. साताऱ्यात बाबासाहेबांचे बालपण गेले, तेव्हा त्या घरात संतांचे अभंग आणि कबीराचे दोहे रोज गायले जात. याच साताऱ्यात १८९६ मध्ये भीमाई गेल्या, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव इथल्या हायस्कुलात दाखल झाले. चाल कोणतीही असो, प्रश्न असतो तो फारो कुठे ठेवला याचा.

बाबासाहेबांचा आक्षेप

बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या स्थितीवर स्वतंत्र लेखन केले आहे. त्यांचा एक आक्षेप असा, की चर्चमध्ये जाऊनही जात गेली नाही. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. माणसाच्या अधोगतीचे कारण त्याच्या भोवतालच्या अन्यायी रचनेत न शोधता त्याच्या स्वतःच्या पापात शोधायला ही शिकवण सांगते, त्यामुळे धर्मांतरित माणूस लढायला उठत नाही, असे त्यांचे म्हणणे. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्याला ओढून घेतल्याचे सांगितले, आणि ख्रिस्ती झालेले अस्पृश्य आपल्या हक्कांसाठी झगडत नाहीत, हेही ऐकवले. म्हणजे त्यांचे भांडण येशूशी नव्हते.

आणि काळ्या लोकांच्या लढ्याकडे त्यांचे लक्ष होते. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. हेच ड्यू बॉइस, ज्यांच्या १९०३ च्या 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' या पुस्तकातले शेवटचे प्रकरण गुलामांच्या शोकगीतांवर आहे.

'मी'चा 'आम्ही' जलशात झाला

तर मग आपले गॉस्पेल कोणते? माझे उत्तर स्पष्ट आहे. ते सत्यशोधक जलशात आणि आंबेडकरी जलशात आहे. जुन्या सातारा जिल्ह्यात, ज्याचा दक्षिण भाग १९४९ मध्ये वेगळा होऊन १९६० पासून सांगली म्हणून ओळखला जातो, सत्यशोधक जलशांनी गावेच्या गावे हलवली. सांगलीतल्या कासेगावला आयुष्य घालवलेल्या गेल ऑम्व्हेट यांनी सत्यशोधक चळवळीचा हा इतिहास जगापुढे मांडला. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशाचा साचा राहिला, शृंगार गेला, राजाराणीच्या जागी सावकार, भटजी आणि वतन आले. फारोला नाव मिळाले.

याच मातीत वाळवा तालुक्यातल्या रेठऱ्याचे पठ्ठे बापूराव झाले. त्यांनी महाडच्या लढ्यासाठी तमाशाच्या खेळांचे पैसे देऊ केले, तेव्हा आपल्या बायकांना नाचवून मिळालेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी तो नाकारला. गाणे कोणते, याइतकेच ते कुणाच्या इभ्रतीवर उभे आहे, हेही त्यांनी पाहिले. आणि याच तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे. भीमरावांचा दाखला देऊन जग बदलायची हाक देणारे त्यांचे गाणे कोणत्याही स्पिरिच्युअलच्या शेजारी ताठ मानेने उभे राहील.

आज काय करायचे?

दोन गोष्टी सांगतो. पहिली, दलित ख्रिस्ती बांधवांना 'ते तिकडचे' म्हणून सोडू नका. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम अजून बाहेर आहेत. गावात जात त्यांची पाठ सोडत नाही आणि कागदावर त्यांना जात नाही. जो फारो आपला, तोच त्यांचा. त्यांच्या म्हाताऱ्या बायांना पाठ असलेली गाणी ऐका, लिहून घ्या, ध्वनिमुद्रित करा. तो आपल्याही आज्या-पणज्यांच्या पहिल्या मोकळ्या आवाजाचा इतिहास आहे.

दुसरी गोष्ट कडू आहे. जयंतीच्या डीजेवर वाजणारी आजची कित्येक भीमगीते कान देऊन ऐका. बाबासाहेबांची कोट-टाय, गाडी, देवासारखी आरती. मनुवाद कुठे आहे? खासगीकरणात गेलेल्या नोकऱ्या, बंद पडलेली शिष्यवृत्ती, खैरलांजी कुठे आहे? ज्या दिवशी आपल्या गाण्यातून फारो गेला, त्या दिवशी आपले गाणेही शरणागतीचे भजन झाले असे समजा. मग चर्चमधल्या 'मी पापी'ला हसायचा अधिकार आपल्याला उरत नाही.

येत्या जयंतीला तासभर डीजे बंद ठेवा. महालिया ऐकवा, अण्णाभाऊ ऐकवा, शेजारच्या चर्चमधल्या भजनी मंडळाला मानाने बोलवा. मग पोरांना विचारा, या गाण्यांतला फारो कोण? उत्तर देता आले, तर पुढचे गाणे तीच लिहितील.

जय भीम!